गाण्याचं अ‍ॅप आणि मुकी बटणं: टॉकबॅक वापरणाऱ्यांसाठी समस्या निवारण

टॉकबॅक म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी अँड्रॉइड फोनमध्ये असलेली, पडदा वाचून दाखवणारी सोय. आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्या फोनवर होत असेल, तर पुढचं वाचा किंवा कुणाकडून तरी वाचून घ्या.

- अ‍ॅपमध्ये बोट फिरवलं की नुसतं "बटन, बटन, अनलेबल्ड, बटन" ऐकू येतं. कुठलं बटण कशाचं, पत्ता लागत नाही.
- गाणं सुरू झालं की टॉकबॅकचा आवाज गाण्याखाली बुडून जातो.
- गाण्याचं नाव देवनागरीत असलं की टॉकबॅक गप्प बसतो.
- आवाज वाढवायला बाजूचं बटण दाबलं, तर आवाज तेवढाच राहतो आणि गाणंच पुढे पळतं.
- यादीत खाली खाली जात असताना फोकस, म्हणजे टॉकबॅक त्या क्षणी जिथे वाचतोय ती जागा, अचानक वर उडी मारतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.
- मध्येच एखादी जाहिरात किंवा वर्गणीचा पडदा येतो आणि त्यातून बाहेर पडता येत नाही.
- गाण्यावर टॉकबॅक सेकंद मोजत बसतो: एक बावीस, एक तेवीस, एक चोवीस...
- गाणं ऐकता ऐकता टॉकबॅक स्वतःच बंद पडतो.

मी स्वतः टॉकबॅकवर फोन चालवते. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला या पट्ट्यात ज्यांची नजर गेली आहे किंवा जात चालली आहे, त्यांना फोन शिकवायला जाते. बँक, रेल्वेचं तिकीट, व्हॉट्सअ‍ॅप, सगळ्याच्या अडचणी येतात, पण सगळ्यात जास्त बोलावणी गाण्याच्या अ‍ॅपसाठी येतात. घरच्यांना ती चैन वाटते, "गाणं काय, मुलगा लावून देईल" असं म्हणतात. मुलगा मुंबईला असतो. आणि असला तरी, दुपारी दोन वाजता जे ऐकावंसं वाटलं ते स्वतःच्या हाताने लावता येणं यात जे आहे, ते दुसऱ्याने लावून दिलेल्या गाण्यात नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका भजनी बुवांनी निरोप धाडला. साठी उलटलेली, नजर काचबिंदूने गेलेली, पण चतुर्थीच्या दिवसांत रोज रात्री दोन-तीन घरी भजन. पडवीत बसल्या बसल्या त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गो ताय, गाणा लागता, पण खयचा ता सांगणा नाय." मी बोट फिरवलं. खालच्या ओळीत पाच बटणं, पाचही मुकी. बुवांनी आपला एक तोडगा काढला होता: गाणं बदलायचं झालं की अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडायचं आणि जे लागेल ते ऐकायचं. एका गजराची चाल बसवायला त्यांचे चार दिवस गेले होते. "माझोच हात चुकता," असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

त्यांचा हात चुकत नव्हता. पण हे खात्रीने म्हणायला आधी बाकीचे संशयित एकेक करून बाजूला काढावे लागतात: हात आणि काच, रेंज, फोनची सेटिंगं, आणि शेवटी अ‍ॅप. खालचा क्रम त्यासाठीच आहे. वरच्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि वेळही मिनिटभराचाच. उगाच थेट "फोन रीसेट करून बघूया"वर उडी मारू नका.

हात आणि काच

कोकणात जून ते सप्टेंबर बोटं कोरडी राहतच नाहीत, आणि खाडीकाठी तर वर्षभर चिकटपणा असतो. फोनची काच बोटाचा स्पर्श विजेच्या भारातल्या बदलावरून ओळखते. पाण्याचा थेंब किंवा घामाचा पापुद्रा तसाच बदल घडवतो. डोळस माणूस एका बोटाने एक टॅप करतो, त्याचं निभावून जातं. टॉकबॅकला द्यायचे आपले इशारे दोन-तीन बोटांचे आणि ठरावीक वेगाचे, म्हणून पहिला फटका आपल्याला बसतो. सुती फडक्याने काच आणि बोटं पुसा. वरची टेम्पर्ड ग्लास कडेने सुटली असेल आणि खाली ओल गेली असेल, तर ती काढून टाका आणि पुन्हा करून बघा. "इशारे कधी लागतात, कधी नाही" ही तक्रार कितीतरी वेळा इथेच मिटते.

रेंज

हे तपासायचं कारण असं: गाणी लोड होत असतात तेव्हा अ‍ॅप रिकाम्या करड्या चौकटी दाखवतं. डोळस माणूस त्या बघून थांबतो. टॉकबॅकला त्या चौकटींत वाचायला काही नसतं, म्हणून तो गप्प राहतो आणि आपल्याला वाटतं टॉकबॅक बिघडला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला तरी एक व्हॉइस मेसेज पाठवून बघा. तो जात नसेल, तर गाण्याच्या अ‍ॅपला दोष देऊ नका. कोकण रेल्वेने जाताना तर हे ठरलेलंच. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यात सगळंच मुकं होतं.

यावर माझा कायमचा उपाय आगोटीचा. पावसाआधी जशी घरात बेगमी करतो, तशी आवडती गाणी चांगल्या रेंजमध्ये किंवा वायफायवर डाउनलोड करून ठेवा आणि ती एका प्लेलिस्टमध्ये घाला. डाउनलोड केलेल्या यादीचा आणखी एक फायदा आहे, तो फोकसच्या उड्यांबद्दल लिहिताना सांगते.

टॉकबॅक दुसरीकडे बोलतो का?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही, आणि लोक नेमकी हीच सोडून देतात. गाण्याच्या अ‍ॅपमधून बाहेर या, फोनची डायलर किंवा कॉन्टॅक्टची यादी उघडा, डावीकडून उजवीकडे स्वाइप करत दहा-बारा गोष्टी ऐका. तिथे सगळं नीट वाचलं जात असेल तर टॉकबॅक ठणठणीत आहे आणि दोष गाण्याच्या अ‍ॅपमध्ये किंवा त्याच्या आवाजाच्या मांडणीत आहे. तिथेही गप्प किंवा अडखळत असेल, तर दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकत्र तीनेक सेकंद दाबून टॉकबॅक बंद करा आणि तसंच दाबून पुन्हा चालू करा. हा शॉर्टकट चालत नसेल तर तो आधी सेटिंगमध्ये चालू करून घ्या. टॉकबॅक बंद पडलेला असताना सेटिंग शोधायची वेळ आपल्यावर येऊ नये.

आवाज एक नाही, दोन आहेत

अँड्रॉइड ८ पासून टॉकबॅकच्या बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगळे मोजले जातात. बाजूचं बटण कुठला आवाज बदलेल, हे त्या क्षणी काय चालू आहे यावर ठरतं. टॉकबॅक बोलत असतानाच बटण दाबलं तर बोलण्याचा आवाज वाढतो. तो गप्प असताना दाबलं तर गाण्याचा. म्हणून बोलणं वाढवायचं असेल तर बोट फिरवत राहा, त्याला बोलतं ठेवा आणि त्याच वेळी बटण दाबा. शिकवताना याला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, पण एकदा हाताला बसलं की विसरत नाही.

टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या भागात "ऑडिओ डकिंग" नावाचा एक पर्याय असतो. तो चालू केला की टॉकबॅक बोलायला लागताच गाणं आपोआप दबतं आणि त्याचं बोलून झालं की परत वर येतं. ज्यांना चाल ऐकून बसवायची आहे त्यांना हे मध्येमध्ये दबणं त्रासाचं वाटतं. बुवांनी ते चालू ठेवलं नाही, फक्त बोलण्याचा आवाज वाढवून घेतला. आपापल्या कानाप्रमाणे ठरवा.

आता ते पळणारं गाणं. टॉकबॅकचा फोकस एखाद्या सरकपट्टीवर असेल, म्हणजे गाणं पुढेमागे करायच्या पट्टीवर, तर व्हॉल्यूमची बटणं त्या पट्टीची होतात. वाढवायचं बटण दाबलं की पट्टी पुढे, कमी करायचं दाबलं की मागे. हा बिघाड नाही, सोय आहे. आवाज बदलायचा असेल तर एकदा स्वाइप करून फोकस पट्टीवरून दुसरीकडे न्या आणि मग बटण दाबा. आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकायची असेल तर मुद्दाम पट्टीवर जा. बुवा आता ध्रुवपद घोटवायला हेच वापरतात.

ब्लूटूथचा स्पीकर किंवा हेडफोन जोडला असेल तर तो काढून एकदा बघा. बरेच स्पीकर शांतता असली की झोपी जातात आणि जागे होईपर्यंत शब्दाचं पहिलं अक्षर गिळतात. "पुढचं"चं "ढचं" ऐकू येतं आणि आपण टॉकबॅकला बोल लावतो.

देवनागरी आणि मुका आवाज

मराठी माणसाची खास अडचण ही. फोन इंग्रजीत, टॉकबॅकचा आवाज इंग्रजी, आणि अभंगाचं नाव देवनागरीत. इंग्रजी आवाजाला ती अक्षरं म्हणताच येत नाहीत, म्हणून तो ती सोडून देतो. यादीत दहा गाणी असतात आणि ऐकू येतात फक्त इंग्रजीत नाव असलेली तीन.

सेटिंगमध्ये "टेक्स्ट टू स्पीच" शोधा. गूगलच्या आवाजाच्या इंजिनात मराठी आहे, ती भाषा निवडा आणि तिथेच तिचा आवाज डाउनलोड करून घ्या. डाउनलोड करणं महत्त्वाचं, नाहीतर रेंज गेली की आवाज बदलतो किंवा जातो. मराठी आवाज इंग्रजी अक्षरंही वाचतो, त्यामुळे मी सगळ्यांना फोन इंग्रजीत असला तरी बोलणारा आवाज मराठी ठेवायला सांगते. काही जण हिंदी आवाजावर भागवतात. देवनागरी वाचली जाते हे खरं, पण उच्चार हिंदी वळणाचे पडतात, आणि नाट्यपदांची नावं तशी ऐकवत नाहीत.

रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी नावांवर मात्र इलाज नाही. कंपनीने नाव तसं भरलं असेल तर ते वेडंवाकडंच वाचलं जाणार. अशा वेळी गायकाच्या नावावरून ओळख पटवा, किंवा शोधताना नाव देवनागरीत बोलून टाइप करा, निकाल जास्त बरे येतात.

बॅटरी वाचवणारं शहाणपण

टॉकबॅक मध्येच बंद पडत असेल तर माझा हात आधी बॅटरीच्या सेटिंगकडे जातो. आपल्याकडे पावसात वीज जाते, लोक बॅटरी सेव्हर कायमचा चालू ठेवतात, आणि फोन मागे चालणाऱ्या गोष्टी एकेक करून बंद करत सुटतो. त्याला कुठलं मागचं काम आपले डोळे आहे हे कसं कळणार! सेटिंग, अ‍ॅप्स, मग बॅटरी असं जाऊन तीन गोष्टींना "अनरिस्ट्रिक्टेड" करा: अँड्रॉइड अ‍ॅक्सेसिबिलिटी सूट, म्हणजे ज्यात टॉकबॅक असतो ते, आवाजाचं इंजिन, आणि गाण्याचं अ‍ॅप. तिन्ही करा. फक्त गाण्याच्या अ‍ॅपला सूट दिली तर गाणं वाजत राहील आणि बोलणारा आवाज मरेल.

अ‍ॅप बंद, कॅशे साफ, अपडेट

यावर फार लिहायला नको. फोर्स स्टॉप करा, कॅशे साफ करा, प्ले स्टोअरमधून अपडेट बघा, टॉकबॅकचंही अपडेट बघा. एकच सावधगिरी: "क्लिअर कॅशे" आणि "क्लिअर डेटा" ही दोन बटणं शेजारी असतात. दुसरं दाबलं तर लॉगिन जातं आणि डाउनलोड केलेली सगळी गाणी जातात. दाबण्याआधी नाव दोनदा ऐका.

आता दोष अ‍ॅपचाच ठरला. मग?

इथवर येऊनही बटणं मुकीच असतील, तर कारण असं की अ‍ॅप बनवणाऱ्यांनी बटणावर चित्र काढलं आणि त्या चित्राला नाव दिलं नाही. डोळ्यांना त्रिकोण दिसतो, म्हणजे "वाजवा". टॉकबॅकला त्रिकोण दिसत नाही, त्याला फक्त बनवणाऱ्याने लिहून ठेवलेलं नाव वाचता येतं, आणि ती जागा रिकामी असते. एवढंच आहे हे. कुणाच्या तरी पाच मिनिटांच्या आळसामुळे इकडे बुवांचे चार दिवस जातात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

पहिला उपाय, अ‍ॅपच्या बटणांना हातच न लावणं. टॉकबॅकमध्ये दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की गाणं थांबतं, पुन्हा केलं की सुरू होतं. बोट कुठे आहे याने फरक पडत नाही. वरून नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढला की तिथे गाण्याची चौकट मिळते, मागचं, पुढचं, थांबवा. अँड्रॉइड ११ पासून ही चौकट फोनची यंत्रणा स्वतः मांडते, म्हणून अ‍ॅप मुकं असलं तरी तिथली बटणं बहुतेक वेळा बोलतात. वायरच्या हेडफोनचं मधलं बटणही उपयोगी. आणि गूगल असिस्टंटला गाण्याचं नाव सांगून लावता येतं, फक्त घरात गलका नको.

दुसरा उपाय, टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये आपोआप वर्णन करण्याचा भाग असतो. तो चालू केला की टॉकबॅक ओळखीची चिन्हं स्वतःच ओळखून सांगतो. नेहमीची चिन्हं बरोबर ओळखतो, कंपनीने वेगळंच काही चितारलं असेल तर चुकतो.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो: नाव आपण द्यायचं. मुक्या बटणावर फोकस आणा. टॉकबॅकचा मेनू उघडा, म्हणजे तीन बोटांनी एक टॅप, किंवा एका बोटाने खाली आणि लगेच उजवीकडे असा काटकोनी इशारा. मेनूत, किंवा त्यातल्या अ‍ॅक्शन्समध्ये, लेबल जोडायचा पर्याय येतो. नाव लिहा, सेव्ह करा. त्यानंतर त्या बटणावर बोट गेलं की तुमचं नाव ऐकू येतं.

पण कुठलं बटण कशाचं हे न दिसता कसं कळायचं? गाणं चालू ठेवा आणि ओळीतलं एकेक बटण दाबून काय बदलतं ते ऐका. बहुतेक अ‍ॅपमध्ये क्रम असा असतो: डाव्या टोकाला शफल, मग मागचं, मध्ये वाजवा-थांबवा, मग पुढचं, उजव्या टोकाला रिपीट. मधल्यापासून सुरुवात करा, ते लगेच ओळखू येतं. शफल आणि रिपीट दाबल्यावर काहीच ऐकू येत नाही, ते एखाद-दोन गाणी बदलल्यावर कळतं. आणि हे प्रयोग फक्त या पाच बटणांच्या ओळीत करा. बाकी ठिकाणी मुकं बटण चाचपून बघायचं म्हणून दाबू नका. आपल्याकडच्या काही अ‍ॅपमध्ये कॉलर ट्यून लावायचं बटण गाण्याच्या नावाशेजारीच असतं, आणि त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला कापले जातात. एका आजींचे असे तीन महिने पैसे जात होते. सूनबाईंना वाटत होतं रिचार्ज महागला.

बुवांच्या फोनवर त्या दिवशी आम्ही पाचही बटणांना नावं दिली. मी प्रमाण मराठीत सुचवत होते, त्यांनी मान हलवली. मग त्यांनी सांगितली ती लिहिली: "मागचा", "लाव-थांबव", "फुडचा". टॉकबॅकचा तो सपाट आवाज "फुडचा" म्हणाला तेव्हा बुवा काही बोलले नाहीत. ते बटण त्यांनी सलग सहा-सात वेळा दाबलं, दर वेळी नाव ऐकलं, आणि मग पखवाजावर थाप मारावी तशी मांडीवर एक थाप मारली.

दोन अडचणी राहतात. अ‍ॅप अपडेट झालं आणि बनवणाऱ्याने बटणाची आतली ओळख बदलली, की आपलं नाव गळून पडतं, ते पुन्हा द्यावं लागतं. आणि काही बटणांना आतली ओळखच नसते, तिथे लेबलचा पर्याय येतच नाही. तो येत नसेल तर तासभर झगडू नका, तो आपल्या हातातला प्रश्न नाही.

उड्या, पडदे आणि सेकंद

फोकस उडी मारतो तेव्हा बहुतेक वेळा अ‍ॅपने वरची जाहिरात किंवा फिरती चित्रपट्टी ताजी केलेली असते, आणि यादी नव्याने मांडल्यामुळे टॉकबॅकचं बोट सुटतं. मुखपृष्ठावर भटकणंच टाळा. थेट शोध किंवा थेट आपली प्लेलिस्ट. डाउनलोड केलेल्या यादीचा फायदा इथे येतो: फोन एअरप्लेन मोडवर टाकून ती उघडली की ताजं व्हायला काही उरत नाही, फोकस जागेवर राहतो.

पडद्यात अडकलात तर "बंद करा" शोधत बसू नका, ते बटण मुकं असण्याचीच शक्यता जास्त. एका बोटाने खाली आणि लगेच डावीकडे असा इशारा करा, तो टॉकबॅकमधला "मागे". दोनदा करूनही पडदा हलला नाही तर अ‍ॅप बंद करा. आंधळेपणाने काहीतरी दाबून बाहेर पडायचा प्रयत्न नको, तो पडदा बहुधा पैशाचा असतो.

सेकंद मोजणं थांबवायला दोन बोटांनी एकदा टॅप करा, बोलणं थांबतं. मग फोकस वेळेच्या आकड्यावरून हलवा. कारण दोनपैकी एक: फोकस त्या आकड्यावर थांबलेला असतो, किंवा अ‍ॅपने तो आकडा "बदलला की सांग" अशा प्रकारात टाकलेला असतो. दुसऱ्या प्रकारात स्क्रीन लॉक करून ऐकणं हाच सोपा मार्ग.

संगणक आणि आयफोन

घरात संगणक असेल आणि त्यावर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असेल, तर त्याच सेवेची वेबसाइट उघडून बघा. वेबवर बऱ्याचदा बटणांना नावं असतात. एच दाबून मथळे, बी दाबून बटणं, आणि एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्टचं बटण) व एफ ७ दाबून सगळ्या घटकांची यादी. अक्षरं दाबल्यावर भलतंच काही होत असेल तर एनव्हीडीए की आणि स्पेस दाबून ब्राउझ आणि फोकस मोड बदला. एनव्हीडीए मोफत आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आयफोनवर व्हॉइसओव्हरमध्ये, म्हणजे तिथल्या टॉकबॅकमध्ये, दोन बोटांनी दोनदा टॅप म्हणजे गाणं थांबवा-सुरू करा, आणि तेच करून बोटं तशीच दाबून धरली की बटणाला नाव देता येतं. स्क्रीन रेकग्निशन, म्हणजे पडद्यावरची बटणं फोनने स्वतः ओळखायचा पर्याय, आयओएस १४ पासून, आयफोन एक्सएस आणि त्यापुढच्या फोनवर आहे. मुक्या अ‍ॅपमध्ये तो चालू करून बघा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

वर्गणी भरायचा पडदा नीट वाचला जात नसेल तर तिथेच थांबा. विश्वासातल्या डोळस माणसाला शेजारी बसवा, किंवा संगणकावरून भरा. अर्धवट ऐकून पैशाचं बटण दाबायचं नाही.

"मी इथून तुमचा फोन दुरुस्त करतो, हे अ‍ॅप टाका, ओटीपी सांगा" असं कुणी फोनवर म्हणालं तर फोन ठेवा. कुठल्याही गाण्याच्या अ‍ॅपची दुरुस्ती ओटीपीने होत नाही. आणि जुनी आवृत्ती बरी होती म्हणून कुठून तरी मिळालेली फाइल टाकू नका. टॉकबॅक नसलेल्या माणसालाही ती धोक्याची आहे का हे ओळखता येत नाही, आपल्याला तर त्यावर येणारी धोक्याची सूचनाही कदाचित ऐकू येणार नाही.

इशारे सगळ्याच अ‍ॅपमध्ये चुकत असतील, काच पुसूनही, तर स्क्रीनचा दोष आहे. हे दुकानदाराचं काम. सगळं करूनही टॉकबॅक दिवसातून अनेकदा बंद पडत असेल, तर फोन कंपनीच्या सेवा केंद्रात न्या. इशारेच हाताला बसत नसतील, तर नॅबसारख्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) अंधांसाठीच्या संस्थांचे प्रशिक्षक गाठा; आठवडाभराच्या शिकवणीने जे होतं ते माझ्या एका भेटीत होत नाही.

आणि लेबलचा पर्यायच येत नसेल, तर ते दुरुस्त करू शकणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे ते अ‍ॅप बनवणारा. त्याला लिहा. "तुमचं अ‍ॅप अंधांना वापरता येत नाही" एवढं लिहून काही होत नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड, टॉकबॅक आणि अ‍ॅप यांच्या आवृत्त्या, कुठला पडदा, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं, असं लिहा. दुसऱ्या फोनने आवाज रेकॉर्ड करून जोडा. घरात कुणी डोळस असेल तर त्याच्याकडून गूगलचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर चालवून घ्या; नाव नसलेली आणि ४८ डीपीपेक्षा, म्हणजे साधारण ९ मिलिमीटरपेक्षा, लहान असलेली बटणं ते दाखवतं. डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबवरच्या गोष्टी सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या जागतिक नियमावलीचा, निकष ४.१.२, "नाव, भूमिका, मूल्य", मोडला आहे असं स्पष्ट लिहा. ही भाषा तंत्रज्ञाला कळते आणि तक्रार मदत केंद्राच्या टेबलावरून पुढे सरकते. माझ्या एका तक्रारीवर तिसऱ्या पत्रानंतर शफलचं बटण बोलायला लागलं.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती आणि दळणवळणाच्या साधनांच्या सुगमतेची, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता येण्याची, तरतूद आहे, त्यासाठीचं आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. कंपनी दाद देत नसेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लिहिता येतं. पण आधी कंपनीला लिहा आणि त्याची प्रत जपून ठेवा.

फोन दुरुस्तीला देताना एक गोष्ट विसरू नका. एका दुकानाने स्क्रीन बदलता बदलता फोन रीसेट करून दिला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. टॉकबॅक बंद, मराठी आवाज गेलेला, गाणी गेलेली, सगळी लेबलं गेलेली. त्या माणसाला घरापर्यंत फोन उघडताही आला नाही. तेव्हापासून मी फोनच्या पाठीला चिकटपट्टीने कागद लावते: "रीसेट करू नये, विचारल्याशिवाय सेटिंग बदलू नये." आणि फोन देण्याआधी टॉकबॅकच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून लेबलांची फाइल बाहेर काढून स्वतःलाच पाठवून ठेवते. बुवांचा "फुडचा" त्या फाइलमध्ये आहे, गेल्या वर्षी त्यांचा फोन बदलला तेव्हा तो तिथूनच परत आला.